दिसलेला प्राणी कुठल्या वर्गातला? आधी कणा, मग कातडी, नाव सगळ्यात शेवटी

दोन पावसाळ्यांपूर्वी, मृगाच्या पहिल्या मोठ्या सरीनंतर, आमच्या परसात शेणखताच्या ढिगाशी वीतभर लांबीचे, काळसर, लकलकणारे काहीतरी वळवळत होते. मी वहीत लिहिले, ‘मोठे गांडूळ’. शेजारच्या काकी मागून वाकून बघत म्हणाल्या, “अगो, तां गांडूळ न्हय. तेका तोंड असा बघ.” खरेच तोंड होते, चांगला जबडा होता. ते देवगांडूळ निघाले. म्हणजे पाठीचा कणा असलेला, उभयचर वर्गातला, बेडकांच्या नात्यातला प्राणी.

मी शाळेत विज्ञान शिकवते. वर्गीकरणाचा तक्ता मला झोपेतून उठवले तरी म्हणता येतो. पण समोरच्या जिवंत प्राण्याला त्या तक्त्यात बसवायचे कसे, हे मला कोणी शिकवले नव्हते आणि मीही मुलांना शिकवत नव्हते. ते मी नंतर चाचपडत शिकले. तुम्ही नवे शिक्षक असाल, प्राणिशास्त्राच्या पहिल्या वर्षाला असाल किंवा नुसते हौशी असाल, तर तुमचे तरी चाचपडणे कमी व्हावे म्हणून हे लिहिते आहे.

आधी सामान आणि परवानग्या

खर्च फार नाही. दहा पट मोठे दाखवणारे भिंग, पावसात टिकेल अशी जाड पुठ्ठ्याची वही, पेन्सिल (शाई पसरते), सहा इंची पट्टी, डोक्याला बांधायची बॅटरी आणि गमबूट. पक्ष्यांकडे वळलात तर ८×४२ ची दुर्बीण घ्या. त्याहून जास्त ताकदीची नवशिक्याच्या हातात थरथरते. मोबाइल सगळ्यांकडे असतोच.

स्वतःच्या अंगणात, शेतात किंवा मासळी बाजारात बघायला कसलाही कागद लागत नाही. अभयारण्यात जायचे तर ओळखपत्र आणि वन विभागाची प्रवेश परवानगी लागते. प्राणी पकडायला, बरणीत ठेवायला किंवा मेलेला उचलून आणायला मात्र ‘अभ्यासासाठी’ हे कारण पुरत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे. २०२२ मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. घोरपड आणि खवल्या मांजर पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांची कातडी, खवले, नखे घरात सापडली तरी गुन्हा होतो. तेव्हा बघा, मोजा, फोटो काढा आणि जिथल्या तिथे सोडा. जखमी प्राणी दिसला तर महाराष्ट्रात वन विभागाचा १९२६ हा क्रमांक फिरवा.

पायरी १: कणा आहे का?

ही पायरी मासळी बाजारात आणि नंतर स्वयंपाकघरात शिकावी असे माझे ठाम मत आहे. कोळणीच्या पाटीत सगळे ‘म्हावरे’ एकत्र असते, आणि आपल्याला हवी ती तुलना तिथे आयती मिळते.

एक बांगडा आणा. जेवण झाल्यावर मधला काटा धुऊन वाळवा आणि भिंगाखाली धरा. मणी एकापुढे एक ओवलेले दिसतील. प्रत्येक मणी दोन्ही बाजूंनी वाटीसारखा खोलगट असतो. मण्याच्या वर दोन बारीक काटे एकत्र येऊन कमान होते. एकामागून एक अशा कमानींचा जो बोगदा तयार होतो, त्यातून चेतारज्जू (मेंदूकडून येणारी मज्जातंतूंची दोरी) जातो. शेपटीकडच्या मण्यांना खालूनही तशीच कमान असते, तिच्यातून रक्तवाहिन्या जातात. पृष्ठवंशीय म्हणजे काय, हे मला या काट्याने जितके कळले तितके कुठल्या आकृतीने कळले नाही.

आता कोळंबी घ्या. साफ करताना आपण पाठीतला काळा दोरा ओढून काढतो. त्याला पुष्कळ जण शीर किंवा कणा समजतात. ते तिचे आतडे आहे. कोळंबीची चेतारज्जू पोटाच्या बाजूने जाते. माशात बरोबर उलट असते, चेतारज्जू पाठीकडे आणि आतडे खाली. माकूळ (स्क्विड) कापताना आत पारदर्शक, प्लास्टिकच्या पट्टीसारखे पान मिळते. तेही हाड नाही. ते शंख-शिंपल्यांच्या नात्यातल्या प्राण्याच्या कवचाचा उरलेला अवशेष आहे. कुर्ल्या, तिसऱ्या, जेलीफिश यांना कणा असण्याचा प्रश्नच नाही.

परीक्षेसाठी एक भेद लक्षात ठेवा. समपृष्ठरज्जू हा संघ मोठा आहे आणि पृष्ठवंशीय हा त्यातला उपसंघ. या संघातल्या प्रत्येक प्राण्यात आयुष्याच्या निदान एका टप्प्यावर पृष्ठरज्जू (पाठीला आधार देणारी लवचीक दांडी, चेतारज्जू नव्हे) असतो, पण सगळ्यांत पुढे कणा तयार होत नाही. ‘समपृष्ठरज्जू म्हणजे कणा असलेला’ असे लिहिलेत तर गुण जातात.

पायरी २: कातडी बघा

कणा आहे एवढे ठरले की आकाराकडे, रंगाकडे आणि प्राणी कुठे सापडला याकडे सध्या बघूच नका. कातडीकडे बघा. वर्ग ठरवताना डोळ्यांनी मिळणारा सगळ्यात भरवशाचा पुरावा तोच.

*मासे.* कल्ले, पर, आणि बहुतेकांना खवले. कणा असलेल्या प्राण्यांच्या ज्ञात जातींपैकी जवळपास निम्म्या मासेच आहेत, त्यामुळे इथे विविधता अफाट. पाटीत दोन गट लगेच वेगळे करता येतात. पापलेट किंवा सुरमईचा गालावरचा पडदा उचला, ताजेपणा बघायला उचलतो तसाच. त्या झाकणाखाली लाल कल्ले दिसले की तो अस्थिमत्स्य, हाडांचा मासा. मुशीला (लहान शार्कला) झाकण नसते. मानेच्या बाजूला पाच उघड्या फटी असतात. तिच्या अंगावरून शेपटीकडून डोक्याकडे बोट फिरवा, पॉलिश पेपरसारखे खरखरते. सांगाडा कूर्चेचा असतो, म्हणून कोळणीची सुरी मुशीच्या कण्यातूनही सहज उतरते. पाकट तिच्याच गटातली, तिच्या फटी खालच्या बाजूला असतात. पाठ्यपुस्तकातले चक्रमुखी, म्हणजे जबडा नसलेले, आपल्या बाजारात यायचे नाहीत. त्यांची व्याख्या पाठ करा आणि पुढे चला.

*उभयचर.* उघडी, ओलसर, खवले न दिसणारी कातडी. बेडूक या कातडीतूनही श्वास घेतो, म्हणून हाताला सॅनिटायझर, मीठ किंवा डासांचे मलम लागलेले असताना त्याला शिवू नका. ती रसायने थेट त्याच्या अंगात जातात.

*सरीसृप.* कोरडी, खवल्यांची कातडी. साप बुळबुळीत असतो हा समज इतका पक्का आहे, की धामणीने टाकलेल्या कातेवरून बोट फिरवताना मुले थबकतात. ती कागदासारखी कोरडी असते.

*पक्षी.* पिसे. आजच्या जिवंत प्राण्यांत पिसे फक्त पक्ष्यांना आहेत, त्यामुळे गोंधळाला जागा नाही. चोचीवर किंवा उडण्यावर मात्र जाऊ नका. चोच कासवालाही असते आणि वटवाघूळ उडते.

*सस्तन.* केस, आणि मादीला दूध. केस शोधावे लागतात एवढेच. साळिंदराचे काटे म्हणजे बदललेले केस. खवल्या मांजराचे खवले आपल्या नखांच्याच द्रव्याचे, केराटिनचे असतात, आणि त्याच्या पोटाकडे साधे केस दिसतात.

आता माझ्या चुकीकडे येते, कारण पावसाळ्यात ती तुमचीही होणार. ओल्या मातीत तीन प्राणी जवळजवळ सारखे दिसतात.

गांडूळ: अंगभर वलये, लांब होऊन आणि आखडून पुढे सरकते, जबडा नाही, डोळे नाहीत. कणा नाही.

देवगांडूळ: अंगावर वळ्यांसारख्या खाचा, त्यामुळेच फसायला होते. कातडी ओली आणि निसरडी. पण जबडा आहे, दात आहेत, आणि भिंग धरलेत तर डोळा व नाकपुडी यांच्या मधे एक बारीकशी स्पर्शिका दिसते. मातीत वास घेत वाट काढायचे ते तिचे साधन. उभयचर.

वाळा: सुतळीएवढा जाड, चकचकीत पण कोरडा. भिंगातून एकसारखे बारीक खवले दिसतात, डोळ्याच्या जागी खवल्याखाली काळा ठिपका, आणि जीभ आत-बाहेर करतो. हा पूर्ण वाढलेला, बिनविषारी साप आहे, ‘सापाचे पिल्लू’ नव्हे. कुंड्यांच्या मातीतून तो जगभर पसरला आहे. याच्या सगळ्या माद्याच असतात आणि त्या नराशिवाय अंडी घालतात. सरीसृप.

एकाच ढिगाऱ्यात तीन प्राणी. एकाला कणा नाही आणि उरलेले दोघे दोन वेगळ्या वर्गांतले. हे तीन तुम्हाला न चुकता वेगळे करता आले की पुढचे सगळे सोपे आहे.

एक सावधगिरी. कातडी बघायची म्हणजे हात लावायचा असे नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसे यांच्यापैकी काहीही असू शकते, आणि नुकत्याच मेलेल्या सापाचे डोकेही चावू शकते. जाळ्यात वाम (सापासारखा लांब मासा) आणि समुद्रसाप शेजारी शेजारी येतात. शेपटी वल्ह्यासारखी चपटी आणि अंगावर खवले असतील तर तो समुद्रसाप, आणि तो अतिशय विषारी. लांबून फोटो काढा आणि तो मोठा करून बघा.

पायरी ३: दुसरा पुरावा मागा

कातडीने वर्ग सुचवला की श्वास आणि अंडे यांच्याकडून खात्री करून घ्या. नवखे सगळ्यात जास्त इथे घसरतात.

सापळा पहिला: ‘पाण्यात आणि जमिनीवर राहतो म्हणजे उभयचर.’ दर वर्षी निम्मा वर्ग मगर आणि कासव उभयचरांत टाकतो. दोष मुलांचा नाही, शब्दाचा आहे. उभयचर हे वर्गाचे नाव आहे, राहण्याच्या सवयीचे वर्णन नव्हे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला हिवाळा सरता सरता जा. ऑलिव्ह रिडले जातीची कासवीण आयुष्यभर समुद्रात राहते, पण अंडी घालायला वाळूत येते. कारण सरीसृपाच्या अंड्यात गर्भाभोवती पाण्याची पिशवी असते आणि वर कवच असते, ते हवेतच वाढते. पाण्याखाली राहिले तर गर्भ गुदमरतो. साधारण ४५ ते ६० दिवसांनी पिल्ले बाहेर पडतात आणि त्यांतले नर किती, माद्या किती हे वाळूच्या उष्णतेवर ठरते. बेडकाच्या अंड्याला कवच नसते, नुसता चिकट लोळा, ते उन्हात तासाभरात सुकून जाईल. दोन वर्गांमधली खरी सीमा या अंड्यातून जाते.

सापळा दुसरा: ‘प्रत्येक बेडकाचा आधी डिंभक (बेडूकमासा) होतो.’ सह्याद्रीतल्या झुडपी बेडकांच्या अंड्यातून थेट नखाएवढा बेडूक बाहेर येतो. पोहणारा, शेपटीवाला टप्पा मोकळ्या पाण्यात होतच नाही.

सापळा तिसरा: ‘पिल्ले देतो म्हणजे सस्तन.’ घोणस पिल्ले देते, फुरसे पिल्ले देते, पुष्कळ मुश्या पिल्ले देतात. उलट ऑस्ट्रेलियातला प्लॅटिपस अंडी घालतो आणि तरी सस्तन आहे, कारण त्याला केस आहेत आणि मादी दूध पाजते.

हृदयाचे कप्पे बाहेरून दिसत नाहीत, पण परीक्षेत हमखास येतात. मासे दोन, उभयचर तीन, पक्षी व सस्तन चार. सरीसृपांत साधारण तीन आणि मगरीत चार. मगरीचा हा अपवाद मला फार आवडतो, कारण त्यामागे नाते आहे. आज जिवंत असलेल्या प्राण्यांत मगरीचे सगळ्यात जवळचे नातलग पाली-साप नव्हेत, पक्षी आहेत. म्हणून आजचे शास्त्रज्ञ पक्ष्यांना सरीसृपांच्याच झाडाची एक फांदी मानतात. शाळेच्या उत्तरपत्रिकेत मात्र वेगळे वर्गच लिहा. पुढे महाविद्यालयात हे झाड समोर आले तर गोंधळू नका. पाठ्यपुस्तकातले वर्ग दिसणाऱ्या लक्षणांवरून पाडले आहेत आणि झाड वंशावळीवरून काढले आहे.

पायरी ४: बोलीतल्या नावाला पुरावा मानू नका

बोलीतली नावे मला जीव की प्राण आहेत. काकींनी सांगितले नसते तर माझे देवगांडूळ गांडूळच राहिले असते. पण नाव ठेवणाऱ्याने रूप बघितले होते किंवा सवय बघितली होती, शरीराची रचना बघितली नव्हती.

आपली ‘मांजरे’च बघा. रानमांजर खरोखर मांजरकुळातले. वाघाटीही त्याच कुळातली, जगातल्या सर्वांत लहान मांजरांपैकी एक. उदमांजराचे कुळ वेगळे, पाणमांजराचे त्याहून वेगळे. आणि खवल्या मांजर तर मांसभक्षक गणातही नाही, त्याचा गणच स्वतंत्र आहे. देवमासा मासा नाही. समुद्रघोडा मात्र मासा आहे, कल्ले आहेत आणि परही आहेत. चिचुंद्रीला आपण उंदीर म्हणून हाकलतो. तिचे लांबुडके नाक आणि टोकदार दातांची रांग बघा. उंदराला वर-खाली पटाशीच्या दातांची एकेक जोडी आणि मग मोकळी जागा असते. चिचुंद्री कीटकभक्षक, उंदरांच्या गणातली नाहीच. सापसुरळीला काही ठिकाणी सापाची मावशी म्हणतात आणि विषारी समजून ठेचतात. तिला पाय आहेत, पापण्या आहेत, कानाची भोके आहेत, विष अजिबात नाही.

मांडूळ हा सगळ्यात दुःखाचा प्रकार. बोथट शेपटीमुळे त्याला दुतोंड्या म्हणतात, त्यावर गुप्तधनाच्या कथा रचल्या जातात, आणि या गरीब, बिनविषारी सापाची तस्करी होते. कोणी तुम्हाला ‘दोन तोंडे’ दाखवायला बोलावले तर जाऊ नका, वन विभागाला कळवा.

पायरी ५: वर्गाच्या खाली उतरा

शेकरू घ्या, आपला राज्यप्राणी. संघ समपृष्ठरज्जू, वर्ग सस्तन, गण कृंतक (पटाशीच्या वाढत्या दातांचे), कुल खारींचे, प्रजाती रॅटुफा, जाती रॅटुफा इंडिका.

शेवटच्या दोन पायऱ्यांवर मराठीत फार घोटाळा आहे. वर्तमानपत्रांत ‘नवी प्रजाती सापडली’ असे छापून येते, तेव्हा बहुतेक वेळा सापडलेली असते ती जाती. पाठ्यपुस्तकांत प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट. वाचताना संदर्भ बघा आणि लिहिताना पाठ्यपुस्तकाप्रमाणे लिहा.

दोन शब्दांचे नाव देण्याची प्राण्यांसाठीची पद्धत स्वीडिश शास्त्रज्ञ लिनियसच्या ‘सिस्टेमा नॅचुरी’ या ग्रंथाच्या १७५८ च्या आवृत्तीपासून धरतात. देवमाशांना त्याने माशांतून काढून सस्तनांत आणले तेही त्याच आवृत्तीत. रोमन लिपीत लिहिताना पहिल्या शब्दाचे पहिले अक्षर मोठे, दुसरा शब्द संपूर्ण लहान अक्षरांत, आणि हाताने लिहिताना दोन्ही शब्दांखाली वेगवेगळी रेघ. दुसरा शब्द गावाच्या किंवा नदीच्या नावावरून असला तरी लहानच. आंबोलीच्या हिरण्यकेशीच्या कुंडात सापडलेला आणि २०२० मध्ये नाव मिळालेला मासा शिस्टुरा हिरण्यकेशी, त्यातले ‘हिरण्यकेशी’सुद्धा लहान अक्षरातच.

पायरी ६: नोंद

तारीख, वेळ, नेमके ठिकाण, अधिवास, लांबी, कातडीचे वर्णन, काय करत होता, आणि तुम्ही वर्ग कशावरून ठरवलात ते कारण. फोटो निदान चार: वरून, बाजूने, डोक्याचा जवळून, आणि पट्टी किंवा नाणे शेजारी ठेवून. मोबाइलवरची ओळखणारी अॅप सुचवतात ते नाव आधी वाचू नका. स्वतःचे उत्तर लिहा, मग ताडून बघा. पाऊस, बेडूक आणि अंधार एकत्र आले की ही अॅप बरीच चुकतात.

ठिकाण आणि तारीख खरी असणे किती मोलाचे, ते रानपिंगळ्यावरून शिकावे. हे लहान घुबड १८८४ नंतर संग्रहालयांच्या नोंदींतून दिसेनासे झाले होते. १९१४ चा म्हणून एक नमुना होता, ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि पक्षी-संग्राहक रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन यांच्या नावावर. अमेरिकी पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी तो बारकाईने तपासला, तेव्हा कळले की तो पूर्वी दुसऱ्यानेच गोळा केलेला जुना नमुना होता, चोरून आणि नवी चिठ्ठी लावून ठेवलेला. ती खोटी चिठ्ठी बाजूला काढून खऱ्या जुन्या ठिकाणांकडे शोध वळवला, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये आताच्या नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ रानपिंगळा पुन्हा दिसला. इतकी वर्षे तो तिथेच होता.

शेवटची सूचना: जाती ठरवण्याची घाई करू नका. ‘कुल कळले, पुढचे नाही’ ही पूर्ण आणि उपयोगी नोंद आहे. माझ्या वहीतली ती नोंद मी आता खोडून नव्याने लिहिली आहे: ‘उभयचर, देवगांडूळ. कारण: जबडा, ओली वळ्यांची कातडी. जाती माहीत नाही.’ त्या दिवशी मी एकच फोटो काढला होता, पाठीचा. डोक्याचा असता तर पुढे जाता आले असते.